शतावरीचा माग

डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. "हे चूर्ण कुठून आणलंत?"

"आनला कुठून म्हंजे काय? घरचाच हाय ना," माझी वहिनी म्हणाली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. एवढी शिकून डॉक्टर झाली तरी या बाईला इतकंही कळत नाही, असा त्या बघण्याचा अर्थ होता.

कोपरखैरण्यातल्या त्या हॉस्पिटलात, पडद्यापलीकडच्या खाटेवर माझी भाची पडली होती. वहिनीची एकुलती मुलगी. बाळंतपणाला माहेरी आलेली आणि बाळाला अजून नीट मान धरता येत नव्हती, एवढ्यातच डोळे हळदीसारखे पिवळे करून हॉस्पिटलात पोचलेली. बाळाला आम्ही शेजारणीकडे सोडून आलो होतो.

डॉक्टर वयाने भाचीएवढीच असेल, पण तिच्याकडे सबुरी होती. तिने पुन्हा विचारलं, "घरचं म्हणजे तुम्ही शतावरी लावता का?" यावर वहिनी हसलीच. आमच्या बोनकोडे गावात आता कोण काय लावतंय? "मुल्या मार्केटातून आनते, मी नुसती कुटते," ती म्हणाली. डॉक्टरने विचारलं, "आणि मार्केटात कुठून येतात?" तेव्हा मात्र वहिनी गप्प बसली. त्या मुळ्या कुठून येतात हे आमच्यापैकी कोणाच्या मनात कधी आलंच नव्हतं.

वहिनीच्या चूर्णाबद्दल सांगायला हवं, नाहीतर ती गप्प का बसली ते कळणार नाही. आमच्या वडिलांची भातशेती शहरासाठी गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर माझ्या मोठ्या भावाने, म्हणजे दादाने, बिल्डिंग उभी केली. खाली गाळे, वर भाडेकरू, मधल्या मजल्यावर आम्ही. मी लग्न केलं नाही. बेलापूरला एका वकिलाकडे नोकरी करते आणि दादा-वहिनीजवळ राहते. वहिनी या घरात आली तेव्हा मी शाळेत होते. माझ्या वेण्या तिने घातल्या, माझी भांडणं तिने सोडवली, त्यामुळे तिला नणंद-भावजयीच्या हिशेबात मी कधी धरलेलं नाही.

शतावरीचं चूर्ण ती तिच्या माहेराहून शिकून आली होती. मुळ्या निवडायच्या, गच्चीत कडक ऊन द्यायचं, कुटून वस्त्रगाळ करायचं, वेलची घालायची. बाळंतिणीने ते सकाळ-संध्याकाळ दुधातून घ्यायचं, म्हणजे बाळाला दूध पुरतं. गावात कुणाकडे पाळणा हलला की वहिनीकडे निरोप यायचा. बाहेरच्या बायका दुकानातल्या डब्या घेतात, पण आमच्या गल्लीत दुकानातलं कोणी घेत नसे. वहिनीच्या हातचं आहे, एवढी एकच गोष्ट त्यांना पुरायची. मलाही पुरायची. मी कधी बाळंत झाले नाही, पण अशक्तपणा आला की मीही त्यातलं चमचाभर खाल्लेलं आहे.

भाचीला ते घ्यायचं नव्हतं. ती खारघरला राहते, बँकेत आहे, प्रत्येक गोष्ट फोनवर वाचून बघते. "आई, मला दूध येतंय पुरेसं, उगाच कशाला?" असं ती दोन-तीनदा म्हणाली. पण वहिनी पेला घेऊन समोर उभी राहिली की तिला नाही म्हणता येत नसे. आईच्या समाधानासाठी ती घोट घोट प्यायची. मग तिची भूक गेली. मग मळमळ. बाळंतपणाचा थकवा आहे, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं आणि वहिनीने चूर्ण वाढवलं.

डॉक्टर म्हणाली, यकृताला सूज आहे, बाकीची कारणं तपासून झाली, ती नाहीत. चूर्णाचा संशय आहे, पण शतावरीने सहसा असं होत नाही. म्हणजे शतावरीच्या नावाखाली दुसरं काहीतरी असणार. तिने दोन गोष्टी सांगितल्या. चूर्ण तपासायला पाठवायचं, आणि ते काय आहे हे कळेपर्यंत बाळाला अंगावर पाजायचं नाही. कारण आईच्या पोटात जे गेलं ते दुधातून बाळाकडे गेलं असेल का, हे चूर्णात काय आहे ते कळल्याशिवाय सांगता येत नाही.

भाची पडद्याआडून ऐकत होती. तिने मला हाक मारली. मी आत गेले तर तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "आत्या, त्याच्या पोटात काय गेलं ते बघ. माझं सोड." एवढंच म्हणाली. तेवढ्यासाठी मी ऑफिसातून रजा घेतली.

घरी आल्यावर मी वहिनीकडे चूर्णाचा डबा मागितला. स्टीलचा मोठा डबा, झाकणावर दसऱ्याचं कुंकू वाळलेलं. मी विचारलं, "वयनी, हे कधी आणलेल्या मुळ्यांचं?"

"काय कधी आनल्या?"

"म्हणजे हे डब्यात आहे ते कधीचं? गणपतीआधीचं की नंतरचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने सांगितलं ते ऐकून मी डोक्याला हात लावला. तो डबा कधी रिकामा झालेलाच नव्हता. तळाशी ओंजळभर ठेवायचं आणि वर नवं ओतायचं, असा तिचा नियम. डबा खडखडीत झाला तर लक्ष्मी जाते. आमच्या जुन्या घरात भाताची कणगी होती, तिलाही हाच नियम होता, आईने ती कधी तळ दिसेपर्यंत उपसली नाही. शेती गेली, कणगी गेली, नियम तेवढा राहिला आणि स्टीलच्या डब्यात शिरला. नवीन चूर्ण ओतल्यावर डबा हलवायचा, म्हणजे जुनं-नवं एक होतं. त्यामुळे त्या डब्यात गेल्या महिन्यातलंही होतं आणि भाचीच्या लग्नाआधीचंही असेल.

मी रागावले. "अगो, निदान वेगळं तरी ठेवायचं," असं मी मोठ्याने बोलले. वहिनी पदराने झाकणावरचं कुंकू पुसत बसली. ते तिने कधी पुसलं नव्हतं.

आमच्या वकिलाकडे सगळा दिवस जमिनींचा माग काढण्यात जातो. कोणाला एक गुंठा घ्यायचा असला तरी आम्ही मागे मागे जातो. आत्ता कोणाच्या नावावर, त्याआधी कोणाच्या, त्याने कोणाकडून घेतली, वारस किती, एखादी बहीण सही करायची राहिली का. मधली एक कडी सापडली नाही तर आमचा साहेब शांतपणे सांगतो, घेऊ नका. आणि लोक ऐकतात. त्या जमिनीवर नुसतं उभं राहायचं असतं, तरी तिच्या पणजोबापर्यंतची चौकशी. इथे एक मुळी माझ्या भाचीच्या पोटात गेली, कदाचित बाळाच्याही, आणि तिचा माग आमच्या ओट्यावर संपत होता. मला या गोष्टीचा इतका संताप आला की मी दुसऱ्याच दिवशी दादाला म्हटलं, गाडी काढ.

मसाला मार्केटमधला तो व्यापारी वहिनीला ओळखत होता. वर्षानुवर्षं ती त्याच्याकडूनच घ्यायची. आम्ही गेलो तेव्हा तो गादीवर बसून चहा पीत होता, आम्हालाही मागवला. दादा तावातावाने आला होता, पण समोरचा माणूस इतक्या अगत्याने बोलायला लागला की त्याला सुरुवात कुठून करावी ते सुचेना. शेवटी मीच सांगितलं. माणसाचा चेहरा उतरला. त्यालाही मुली होत्या.

"ताई, खोटा माल आपण ठेवत नाही. तुमच्या भाभीला विचारा, कधी कंप्लेंट नाही."

"माल खोटा आहे असं मी म्हणत नाही. कुठून आला ते विचारते."

"एम.पी. साईडने येतो. राजस्थानचा पण येतो. कधी वरून डोंगरातला पण निघतो. सीझनवर आहे."

"भाभीने शेवटचा नेला तो कुठला?"

त्याने मागे बघितलं. गाळ्याच्या कोपऱ्यात शतावरीचा ढीग होता, मातकट पांढरा, सुरकुतलेल्या बोटांसारख्या मुळ्यांचा. "आता ते कसं सांगणार ताई? ढीग तर चालूच असतो. नवीन गोणी आली की वर ओततो. तळ कधी झाडत नाही. झाडला तर बरकत जाते ना."

दादाने माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. तो व्यापारी कच्छचा, आम्ही बोनकोड्याचे. आमची वहिनी आणि तो या विषयावर कधी एक शब्दही बोलले नसणार. तरी दोघांचा नियम एकच. मला त्या माणसाचा राग येईना, हेच मला जास्त जड गेलं. तो लबाड निघाला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं आणि घरी येऊन झोपले असते.

माल उरणजवळच्या द्रोणागिरीच्या एका गोदामातून येतो, एवढं त्याने सांगितलं आणि गोदामाचा पत्ता समजावून दिला. निघताना म्हणाला, "मुलीला बरं वाटलं की मला फोन करा." तो हे मनापासून बोलला, यात मला शंका नाही.

द्रोणागिरीला दादाच्या ओळखी आहेत. तिथल्या जमिनीही आमच्यासारख्याच गेल्या, तिथलेही लोक आमच्यासारखेच आता गाळे आणि ट्रेलर चालवतात. त्यामुळे आत जायला अडचण आली नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंटेनर लावलेले, पलीकडे खाजणाची हिरवी पट्टी, आणि मध्ये पत्र्याची लांबच लांब गोदामं. आम्हाला भेटला तो सुपरवायझर उरणकडचा कोळी होता, दादाच्या मित्राचा जावई. त्याने दादाला वाकून नमस्कार केला.

"काका, इथं माल येतो न जातो. आमी नुसता सांभालतो," तो म्हणाला. मी शतावरी दाखवायला सांगितली. त्याला शब्द कळला नाही. व्यापाऱ्याकडून आणलेली एक मुळी मी पर्समधून काढून दाखवली तेव्हा म्हणाला, "ही काय, मुली." आणि आम्हाला मधल्या भागात घेऊन गेला.

तिथे फरशीवर ताडपत्री घालून मुळ्यांचा माझ्या कमरेएवढा ढीग केलेला होता. चार-पाच बायका फावड्यांनी तो इकडचा तिकडे करत होत्या. मी विचारलं, हे काय चाललंय? त्याने अभिमानाने सांगितलं, वेगवेगळ्या ट्रकमधून आलेल्या गोण्या इथे रिकाम्या करतात, सगळा माल एक करतात आणि नव्या गोण्यांत भरतात. "पार्टीला माल एकसारका लागतं. एका गोनीत पांडरी, एका गोनीत काली, असा नाय चालत."

म्हणजे जिथून आला ते पुसून टाकण्याचंच काम होतं ते, आणि ते नीट, मेहनतीने चाललं होतं. कोणी लपूनछपून करत नव्हतं. त्या बायका गप्पा मारत होत्या. शेजारी आणखी एक ढीग होता, थोड्या जाड मुळ्यांचा. "ती कसली?" मी विचारलं. "ती पन मुलीच हाय." दोन्ही ढिगांच्या मध्ये जागा फारशी नव्हती, आणि काठाला कुठली मुळी कुठल्या ढिगातली ते मला तरी ओळखता आलं नाही. गोण्यांच्या थप्पीला प्लास्टिक गुंडाळलेलं होतं. ते कशाला, विचारल्यावर म्हणाला, किडे-उंदरांसाठी आत गोळ्या ठेवतात, वास येतो म्हणून झाकतात.

तो ढिगाच्या काठावर चपलांसकट उभा होता. सहज म्हणून त्याने विचारलं, "या मुलीचा काय करतान? धूप बनवतान क?"

"खातात," मी म्हटलं. "बाळंतिणी खातात. दुधातून."

त्याने खाली बघितलं आणि पाय मागे घेतला. मग दादाला म्हणाला, "माज्या बायकोला पन सातवा चाललाय, काका." दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्याशी भांडायलाही काही जागा नव्हती. ट्रक कुठून आले, असं मी विचारलं तर त्याने हात पसरले. ते वर ऑफिसात विचारा, म्हणाला. वरच्या ऑफिसातल्या माणसाने सांगितलं, आम्ही फक्त जागा भाड्याने देतो.

परतीच्या वाटेवर वाशीत दादाने गाडी थांबवली, एका मोठ्या दुकानात गेला आणि शतावरीची एक देखणी बरणी घेऊन आला. कदाचित त्याला वाटलं असेल, विकतचं तरी चांगलं असतं हे एकदा बघून घ्यावं. बरणीवर चौकोनी ठिपक्यांची खूण होती, फोन धरला की तुमच्या बरणीचा प्रवास दिसेल, असं लिहिलेलं. मी फोन धरला. हिरवंगार शेत आलं आणि फेटा बांधलेला एक हसरा म्हातारा. गाव नाही, महिना नाही, कोणी वाळवली, कोणी दळली, काही नाही. मी परत दुकानात जाऊन त्याच कंपनीच्या अश्वगंधेच्या बरणीवर फोन धरला. तोच म्हातारा हसत होता. मी इतकी चिडले की दुकानातल्या मुलीला उगाच टाकून बोलले. तिचा त्यात काय दोष होता?

तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टरने आम्हाला बसवून सांगितलं. डब्यातल्या चूर्णात शतावरी होती, आणखी किमान एका मुळीची पूड होती, आणि बुरशी होती. यापैकी कशाने यकृत बिघडलं ते ठामपणे सांगता येणार नाही. दुसरी मुळी नेमकी कुठली, तेही नाही. त्या खेपेची आख्खी मुळी असती तर ओळखता आली असती, चूर्णात कठीण. शिवाय डब्यात सगळंच एकत्र झालेलं. "एका खेपेचं वेगळं असतं, तर त्या खेपेपर्यंत जाता आलं असतं," ती म्हणाली. "आणि ती खेप अजून कोणाकोणाकडे गेली, तेही कळलं असतं. मला तर त्यांचीच जास्त काळजी वाटते."

वहिनी तोवर मान खाली घालून बसली होती. हे ऐकल्यावर तिने मान वर केली. "अजून कोनाकोनाकडं," असं ती स्वतःशीच पुटपुटली आणि उठली. घरी आली, डबा घेतला आणि गच्चीवरच्या मोठ्या पातेल्यात सगळा उपडा केला. पाणी ओतलं आणि तो गाळ तिने स्वतः मोरीत सोडला. मग डबा घासला. आतून घासला, तळ लखलखेपर्यंत. मी दारात उभी होते. तिला काय वाटत असेल ते मला कळत होतं, आणि मी तिला थांबवलं नाही.

त्यानंतर आम्ही दोघी घरोघर गेलो. कोणाला कधी चूर्ण दिलं हे वहिनी आठवून आठवून सांगायची. हिच्या सुनेला दिलं, तिच्या मुलीला दिलं. प्रत्येक दारात ती एकच सांगायची, असेल ते टाकून द्या, माझी पोर त्याने आजारी पडली. आणि प्रत्येक दारात जवळपास एकच उत्तर. "जा गो वयनी, तुज्या हातचा हाय तो. त्याला काय व्हतंय?" काही जणींनी तर तिचीच समजूत काढली, पोरीला दृष्ट लागली असेल. एकीने सांगितलं, तिने अर्धं तिच्या जावेला घणसोलीला दिलं होतं. जावेला फोन लावला, तर जावेने बहिणीला दिलेलं, बहीण कुठे पनवेलच्या पुढे. वहिनी फोनवर त्या अनोळखी बाईला विनवत होती, "बाय, ते टाक. मना नाय वलखत तू, पन टाक." पलीकडची बाई म्हणाली, बरं, टाकते. टाकलं की नाही कोणाला ठाऊक.

एका घरात सून पोटुशी होती. सासूने वहिनीच्या देखत पुडी उचलली आणि टाकते म्हणून आत गेली. मला आतल्या खोलीचं कपाट दिसत होतं. तिने पुडी वरच्या फळीवर सरकवली. मी सरळ आत गेले, पुडी काढली आणि मोरीत रिकामी केली. सासू माझ्यावर भडकली. वहिनी तिच्या पाया पडायला वाकली, तेव्हा मला रडू आलं. इतकी वर्षं ज्या बायका तिच्याकडे हात पसरत आल्या, त्यांच्यापुढे ती हात जोडत होती, आणि तिच्यावरचा विश्वासच त्यांना ऐकू देत नव्हता.

भाची हळूहळू सुधारली. डोळे पांढरे झाले, भूक लागायला लागली. चूर्ण बंद केलं म्हणूनच, असं डॉक्टरचं मत. पण मधल्या काळात तिने दूध काढून फेकून दिलं होतं, रोज, दुपारी पाठ फिरवून बसून. बाळ बाटलीला लागलं. पाजायला हरकत नाही असं डॉक्टरने सांगितलं तोवर आजारपणात दूध आटून गेलं होतं. दूध वाढावं म्हणून दिलेल्या पेल्याने दूधच नेलं, हे आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. बाळाचं रक्त तपासलं. "सध्या तरी सगळं ठीक दिसतंय," डॉक्टर म्हणाली.

त्या 'सध्या तरी'ला भाची धरून बसली. बाळ जास्त झोपलं तरी तिला भीती, कमी झोपलं तरी भीती. खिडकीच्या उजेडात नेऊन त्याचे डोळे बघायची. एकदा तिने मला विचारलं, "आत्या, तू द्रोणागिरीपर्यंत गेलीस ना? मग काय होतं ते?" मी तिला ट्रक, ढीग, गोळ्या, दुसरी मुळी सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे माहीत नाही." मी म्हटलं, "नाही गं, माहीत नाही." आमच्या ऑफिसात असं उत्तर आलं की व्यवहार थांबवतात. बाळाच्या बाबतीत काय थांबवायचं?

ती सासरी निघाली तो दिवस. जावई गाडी घेऊन आले होते. बाळंतीण लेक घरी जाताना आमच्याकडे टोपली भरून देतात. भाकरीचं पीठ, सुकट, पापड, आणि वर्षाचा मसाला. मसाल्याच्या मिरच्या वहिनी स्वतः निवडते, गल्लीतल्या बायका एकत्र बसून भाजतात, सगळ्यांचे डोळे चुरचुरतात, मग डंकावर, मिरची कुटायच्या यंत्रावर, नेऊन कुटून आणतात. खारघरच्या घरात गेली पाच वर्षं दुसरा मसाला गेलेला नाही. वहिनीने बरणी भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि टोपलीत मधोमध ठेवली.

भाची बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. तिने टोपलीकडे बघितलं आणि आईकडे न बघता म्हणाली, "आई, मसाला वगैरे राहू दे आत्ता. नको."

"बरं," वहिनी म्हणाली. तिने बरणी काढली. मग पीठ काढलं, सुकट काढली. टोपलीत बाळाची झबली आणि दुपटी राहिली, तेवढी तिने जावयांच्या हातात दिली. भाची आईच्या गळ्यात पडली, खूप रडली, आणि गेली.

मी भाचीवर मनातून चिडले होते. गाडी वळल्यावर मला राहवलं नाही. "एवढं लागेल असं बोलायला नको होतं तिने," मी म्हटलं. "मसाल्याने काय केलं होतं? तो तर तुझ्या हातचा आहे."

वहिनी बरणीचं फडकं सोडत होती. ती माझ्याकडे न बघताच बोलली.

"बरोबर बोलली ती, बाय. कुटून आनला मी, पन मिरची कुठली हाय ते मना तरी कुठं ठाव हाय?"